टोस्टर की फ्रायपॅन? तळलेल्या ब्रेडचा लांबलचक रिव्ह्यू

निकाल आधीच सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच कल्टी मारावी. एकदोन माणसं, दोन ते चार स्लाइस आणि गॅसपाशी पाच मिनिटं उभं राहायची तयारी, एवढं जमत असेल तर फ्रायपॅनमध्ये बटरवर तळलेला ब्रेड टोस्टरच्या टोस्टपेक्षा सरस आहे, थोडाथोडका नाही, चांगलाच. घरात माणसं जास्त, सकाळची पळापळ, प्रत्येकाला वेगळ्या वेळी खायचंय, तर टोस्टरच बरा, उगाच पॅनच्या नादी लागू नका. बाकीचा रिव्ह्यू म्हणजे या निकालाचा पसारा आहे, पण वाचलात तर फायदा आहे कारण हा प्रकार दिसायला एकदम सोपा आणि बिघडायला त्याहून सोपा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. टोस्टर बंद पडला म्हणून नाइलाजाने पॅनमध्ये ब्रेड भाजायचा असं बरेच जण धरून चालतात, आणि मग जे काही तयार होतं त्याची टोस्टशी तुलना करून नाक मुरडतात. अहो पण हे दोन वेगळे पदार्थ आहेत. टोस्टरमधल्या तारा लाल होतात, त्यांची धग हवेतून ब्रेडवर पडते, दोन्ही बाजूंनी एकदम, आणि ब्रेड बाहेरून आत वाळत जातो. साध्या ब्रेडमध्ये ३५ ते ४० टक्के पाणीच असतं, आणि पृष्ठभागावरचं पाणी उडून जात नाही तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर सरकत नाही. रंग आणि खमंग वास मात्र भराभर यायला लागतो तो १४० अंशांच्या आसपास, ती माइयार रिअ‍ॅक्शन, लुई-कामीय माइयार या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये मांडलेली, अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेत एकत्र आली की तपकिरी रंग आणि शेकडो वासाची द्रव्यं तयार होतात ती भानगड. म्हणजे टोस्टर आधी वाळवणार आणि मग रंगवणार, आणि गडद टोस्ट हवा असेल तर तोवर ब्रेड आतपर्यंत कोरडा पडलेला असतो, वर लावलेलं बटर मग त्या कोरडेपणावर मलमपट्टी.

पॅनमध्ये उष्णता थेट धातूतून येते, एका वेळी एकाच बाजूला. आता ब्रेडचा कापलेला पृष्ठभाग नीट बघा, सगळी भोकंच भोकं आणि मध्ये मध्ये उंचवटे. कोरड्या पॅनवर ठेवला तर फक्त उंचवटेच धातूला टेकतात, ते करपतात आणि बाकी भाग पांढराफटक राहतो, म्हणून कोरडा भाजलेला ब्रेड असा ठिपकेदार दिसतो. पॅनमध्ये बटर किंवा तूप असलं की ते या सगळ्या खाचाखोचांत शिरतं आणि धातूची उष्णता सगळीकडे पोचवतं, आणि त्या बाजूला एक पातळ, सलग, कुरकुरीत थर तयार होतो. खालच्या बाजूचं पाणी वाफ होऊन वर सरकतं, त्यामुळे वरचा भाग या वेळात चक्क मऊ होतो. एक बाजू कुडकुडीत आणि तिच्यावर गरम लुसलुशीत ब्रेड, हे टोस्टरमधून मिळत नाही, कितीही बटणं असलेला आणा. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, की पॅनमध्ये ब्रेड करायचाच असेल तर टोस्टची नक्कल करू नका, दोन्ही बाजू सारख्या करायच्या मागे लागू नका, एक बाजू मन लावून तळा आणि दुसरी नुसती गरम करा.

तरी टोस्टरला उगाच कमी लेखू नये, त्याने एक मोठं काम केलंय, माणसाला चुलीपासून मोकळं केलं. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियम मिसळून नायक्रोमचं पेटंट घेतलं, लाल होऊनही न तुटणारी तार मिळाली, आणि १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा डी-१२ टोस्टर बाजारात आला. त्यात ब्रेडची एकच बाजू भाजली जायची, दुसरीसाठी हाताने फिरवायचा, म्हणजे राखण करायचं काम होतंच. ते सुटलं चार्ल्स स्ट्राइटमुळे, त्याच्या आपोआप बंद होऊन ब्रेड वर टाकणाऱ्या टोस्टरला १९२१ मध्ये पेटंट मिळालं. मग १९२८ च्या जुलैमध्ये अमेरिकेत मिझुरीतल्या चिलिकॉथीच्या बेकरीने ऑटो रोहवेडरच्या मशीनवर कापलेला ब्रेड विकायला काढला आणि टोस्टरच्या फटीला मापाचा स्लाइस मिळाला. तर टोस्टरची खरी किंमत ही आहे, की ब्रेड टाका आणि दुसऱ्या कामाला लागा. पॅन घेतलात की ही सोय गेली, हे आधीच मान्य करून टाका, कारण पॅनमधला ब्रेड सोडून तुम्ही फोन घ्यायला गेलात की संपलं, सोनेरी ते काळा हा प्रवास फार तर अर्ध्या मिनिटाचा असतो. याच्या बदल्यात पॅनला ब्रेडच्या आकाराशी काही देणंघेणं नाही, जाडजूड तुकडा, वाकडातिकडा, ब्रेडच्या टोकाचा तो कोणालाच नको असलेला बूड, सगळं चालतं.

आता पॅनचं बघू, कारण अर्धा निकाल तिथेच लागतो. बिडाचा तवा किंवा पॅन या कामात पहिला नंबर, दुसरा कोणी जवळपास नाही. बीड उष्णता वाहून न्यायला तसं मठ्ठच, अ‍ॅल्युमिनियम त्याच्यापेक्षा चारेक पट पटकन वाहून नेतं, पण बिडाचं वजनच इतकं असतं की एकदा तापलं की त्यात उष्णतेचा साठा भरपूर राहतो, गार ब्रेड टेकवला तरी तापमान धाडकन पडत नाही, आणि ब्रेडच्या बाबतीत नेमकं तेच पाहिजे. फक्त बीड मोठ्या गॅसवर दोन मिनिटांत तापवायला गेलात तर मध्ये जळतं आणि कडेला गारच, त्यामुळे मंद आचेवर चारपाच मिनिटं आधी ठेवून द्यायचं, तेवढ्यात बाकीची तयारी करा. नवं बीड असेल आणि त्यावर तेलाचा काळा चकचकीत थर नीट बसला नसेल तर ब्रेडवर काळपट डाग येतात, चवही जराशी लोखंडी लागते, थर बसला की बंद होतं.

नॉनस्टिक पॅन दुसऱ्या नंबरावर, आणि तेही जपून. ब्रेड तसाही पॅनला फारसा चिकटत नाही, त्यामुळे नॉनस्टिकचा जो मुख्य फायदा तो इथे जवळजवळ वाया जातो, उलट त्या गुळगुळीत थरावर बटर एकसारखं पसरत नाही, त्याचे गोळे गोळे होऊन एका बाजूला पळतात आणि ब्रेडवर नकाशे उमटतात. उपाय सोपा आहे, बटर पॅनमध्ये टाकायच्या ऐवजी ब्रेडलाच लावायचं, मग नॉनस्टिकही चांगला रिझल्ट देतो. सावध राहायचं ते तापवताना. टेफ्लॉनचा थर साधारण २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या गॅसवर ठेवला तर तो तिथे फार लवकर पोचतो, म्हणून बिडासारखं आधी पाच मिनिटं तापवत ठेवायचं वगैरे इथे करू नका. बटर लावलेला ब्रेड गार पॅनमध्ये ठेवून मग गॅस लावला तरी चालतं, वेळ थोडा जास्त जातो पण रंग छान येतो.

स्टीलचा जाड बुडाचा पॅन असेल तर ठीकठाक, पातळ स्टीलचा असेल तर विसरा, ज्वाळा जिथे लागते तिथे गोल काळं कडं आणि मध्ये कच्चं. आणि ते रेघा रेघा असलेले ग्रिल पॅन, फोटोत ब्रेड काय भारी दिसतो त्यावर, पण विचार करा, ब्रेड फक्त त्या रेघांवर टेकतो म्हणजे कुरकुरीतपणा फक्त रेघांपुरता, बाकी नुसता गरम ब्रेड, बटर सगळं खाचेत जाऊन जळतं आणि नंतर खाचा घासत बसा. माझ्याकडून शून्य मार्क. कडा बुटक्या असलेला पॅन घ्या, उंच कडांमुळे उलथणं सपाट घालता येत नाही आणि वाफही आतच घोटाळते.

बटर की तूप की तेल यावर लोक भांडायला उठतात, तर माझं मत असं. चवीला बटरच. बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट, १६ ते १८ टक्के पाणी आणि उरलेला एकदोन टक्के दुधाचा अंश, आणि ती सगळी मजा त्या एकदोन टक्क्यांची आहे, तेच तपकिरी होतात आणि तो भाजलेल्या सुक्यामेव्यासारखा वास येतो. पण तेच आधी जळतातही, बटर १५० ते १७५ अंशांच्या दरम्यान धुरायला लागतं, म्हणजे रंग यायला लागतो ते तापमान आणि बटर जळतं ते तापमान यांच्यात जागा अगदी थोडी आहे. पॅनमधला ब्रेड अवघड का तर याच्यामुळे. तुपातून पाणी आणि दुधाचा अंश दोन्ही काढलेले असतात, ते २३० अंशांच्या पुढेपर्यंत निवांत राहतं, त्यामुळे नवशिक्यांनी तुपावर सुरुवात करावी, रंग एकसारखा येतो आणि कुरकुरीतपणा बटरपेक्षा वरचढ, फक्त बटरचा तो खारट गोडसर दुधाळपणा नाही. नुसत्या तेलावर ब्रेड कुरकुरीत होतो खरा, पण खाताना आपण तळण खातोय असं वाटत राहतं, त्यातल्या त्यात ऑलिव्ह ऑइल बरं, वर टोमॅटो वगैरे ओलं काही घालणार असाल तर छानच.

अर्धं तेल अर्धं बटर घातलं की बटर जळत नाही असं सर्रास सांगतात. तसं काही होत नाही. दुधाचा अंश तेलात पोहत असला तरी तो त्याच्याच तापमानाला जळणार, तेलाने त्याचं प्रमाण कमी होतं म्हणून काळे कण कमी दिसतात इतकंच. गॅस कमी करा, तोच उपाय. मेयोनीज लावून तळायचा प्रकारही करून बघितला, तो गाजतो ते उगाच नाही, फ्रिजमधून काढल्या काढल्या पसरवता येतं, अंड्यातल्या प्रथिनांमुळे रंग एकसारखा आणि लवकर येतो, पण मागे एक आंबट चव रेंगाळते, आत चीज असेल तर चालून जातं, जॅमबरोबर अजिबात नाही. आणि लो फॅट म्हणून जे स्प्रेड मिळतं ते यासाठी वापरूच नका, त्यात पाण्याचं प्रमाण बरंच असतं, पॅनमध्ये गेलं की चरचर तडतड नुसती आणि ब्रेड आधी भिजतो मग वातड होतो.

बटर ब्रेडला लावायचं की पॅनमध्ये टाकायचं? ब्रेडला, शक्य असेल तेव्हा. मऊ झालेलं बटर अगदी कडेपर्यंत लावायचं, कडा कोरड्या राहिल्या की त्या पांढऱ्या राहतात आणि कडक होतात. फ्रिजमधलं दगड बटर ब्रेडवर घासायला जाऊ नका, ब्रेड फाटतो आणि त्या फाटलेल्या जागी ते सगळं शोषलं जातं. पॅनमध्येच टाकायचं असेल तर ते वितळून फेस येतो तोवर थांबा, फेस म्हणजे बटरमधलं पाणी उडतंय, फेस बसायला लागला की ब्रेड टेकवा आणि लगेच गोल फिरवा म्हणजे सगळीकडे लागेल. सगळं बटर सुरुवातीलाच मात्र ओतू नका. पहिली बाजू स्पंजासारखी सगळं पिऊन टाकते आणि उलटल्यावर दुसऱ्या बाजूला काहीच उरत नाही, ब्रेड एका बाजूला तेलकट आणि दुसऱ्या बाजूला कोरडा झाला ही जी तक्रार सगळे करतात तिचं कारण हेच. निम्मं बटर उलटवताना घाला.

आच किती, हे आकड्यात सांगून उपयोग नाही कारण प्रत्येकाची शेगडी वेगळी. पाण्याचा थेंब टाकून बघा, बटर घालायच्या आधी अर्थात. थेंब टेकल्या टेकल्या चर्र करून उडून गेला तर पॅन तयार. थेंब नुसताच बसून हळूहळू बुडबुडे काढत असेल तर अजून थांबा. आणि थेंब गोळी होऊन पॅनभर पळायला लागला तर पॅन फार तापलाय, थेंबाखाली वाफेची गादी तयार होते म्हणून तो तरंगतो, योहान लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये याच्यावर लिहून ठेवलंय, आणि हे साधारण २०० अंशांच्या आसपास व्हायला लागतं म्हणजे बटरच्या पार पलीकडे. गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं मग. (अंड्यांसाठी स्टीलचा पॅन तापवताना हेच नाचणारे थेंब बघायला सांगतात, ब्रेडला तो नियम लावू नका.) कमी आचेचं पण टोक गाठू नये. पॅन कोमट असेल तर वाफ जोरात निघत नाही, आणि निघणारी वाफच फॅटला आत शिरू देत नाही, ती नसली की ब्रेड शांतपणे बटर पीत बसतो, रंग येईपर्यंत तो जड आणि तेलकट झालेला असतो. मध्यमाच्या जरा खाली, आणि आवाज बारीक चरचर असा सतत आला पाहिजे. आवाज थांबला म्हणजे तिथलं पाणी संपलं, आता लक्ष द्या, यापुढे करपण्याचीच पाळी.

उलथण्याने दाबायचं का? पहिले दहा पंधरा सेकंद, हलक्या हाताने, हो. कारण खालची बाजू वाळताना आक्रसते आणि स्लाइसचा मधला भाग वर उचलला जातो, कडा तपकिरी आणि मध्ये पांढरा गोल राहतो तो त्यामुळे. एकदा आकार बसला की मात्र हात काढा. पूर्ण वेळ दाबत राहिलात तर ब्रेडमधली हवा जाऊन तो चपटा होतो आणि बटर आतपर्यंत शिरतं, काहींना तसला चपटा कडक आवडतो, ठीक आहे, पण मग टोस्टरच काय वाईट होता. दोनेक मिनिटांनी कोपरा उचलून बघा, सोनेरीच्या एक पाऊल पुढे रंग आला की उलटा, दुसरी बाजू तीस चाळीस सेकंद, बास. पहिल्या बाजूइतका रंग दुसरीला आणायचा प्रयत्न केलात तर मधला मऊपणा गेलाच म्हणून समजा, आणि मऊपणा हवा म्हणूनच तर आपण पॅन काढला होता. सूपमध्ये टाकायला तुकडे करायचे असतील तेव्हा दोन्ही बाजू कडक करा, तिथे तेच हवं.

ब्रेड कुठला? शिळा. खरंच सांगते, कालचा किंवा परवाचा ब्रेड ताज्यापेक्षा चांगला तळला जातो. ताजा मऊ ब्रेड ओला असतो, रंग यायला वेळ लागतो, उलथणं लागलं की दबतो आणि फॅट जास्त पितो. शिळा ब्रेड कडक होतो तो नुसता वाळून नाही, त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि साधारण ६० अंशांच्या वर गरम केला की ते बांधलेपण बरंचसं सुटतं, म्हणून पॅनमधून काढलेला शिळा स्लाइस आत ताज्यासारखा मऊ लागतो. गार झाला की परत घट्ट होतो, त्यामुळे लगेच खायचा. स्टार्चचं हे बांधलं जाणं फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगाने होतं, म्हणजे फ्रिजमधला ब्रेड बुरशीपासून वाचतो पण शिळा लवकर होतो, टिकवायचा असेल तर फ्रीझरमध्ये टाका. पण फ्रीझरमधला स्लाइस थेट पॅनमध्ये टाकला तर बाहेरून करपतो आणि मध्ये गारढोण, एखादं मिनिट झाकण ठेवून आधी सुटू द्यावा लागतो आणि त्या वाफेने पृष्ठभाग ओला होतो, सगळा कुटाणा. फ्रीझरमधल्या ब्रेडसाठी टोस्टर जिंकतो, निर्विवाद.

दूध साखर घातलेला मऊ गोड ब्रेड फार पटकन रंग घेतो, त्याला आच अजून कमी. गव्हाच्या आणि मल्टिग्रेन ब्रेडचा रंग आधीच तपकिरी त्यामुळे डोळ्यांनी फसायला होतं, तिथे आवाज आणि वास यांवर जा, उलथण्याच्या टोकाने खरवडून बघा, खरखर आवाज आला की झालं. मोठ्या भोकांचा सावरडो (आंबवलेल्या पिठाचा आंबटसर ब्रेड) पॅनमध्ये चवीला जबरदस्त लागतो पण भोकांतून बटर खाली पडून जळतं, त्याला तूप किंवा ऑलिव्ह ऑइल लावावं. आणि जाडी! पॅकेटमधला पातळ स्लाइस पॅनमध्ये दोन्हीकडून वाळून बिस्किट होतो, मऊ भाग राहायला जागाच नसते त्यात. अख्खा ब्रेड मिळत असेल तर घरी दोन सेंटिमीटर जाडीचे स्लाइस कापा, फरक एवढा आहे की पातळ ब्रेडवर पॅनला नावं ठेवणाऱ्यांचं मला काही ऐकायचंच नाही.

तब्येतीचं म्हणाल तर हिशोब लपवण्यासारखा नाही. ३० ग्रॅमच्या स्लाइसमध्ये साधारण ७५ ते ८० कॅलरी, एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम बटरमध्ये पस्तीसेक कॅलरी, दोन्ही बाजूंना एकेक चमचा लावलात तर स्लाइसच्या कॅलरी जवळजवळ दुप्पट. पण टोस्ट तरी कोरडा कोण खातं, त्यावरही तेवढंच बटर जातं, किंबहुना गरम टोस्टवर घट्ट बटर फासताना जास्तच जातं. एकच बाजू नीट तळा म्हणते त्यात हाही फायदा धरा. दुसरी गोष्ट अ‍ॅक्रिलामाइडची. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की स्टार्च असलेले पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले तळले की त्यात हे द्रव्य तयार होतं, जितका गडद रंग तितकं जास्त. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कॅन्सरकारक निघालंय, माणसांच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नाही, पण ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१७ मध्ये लोकांना सोनेरी रंगावर थांबायला सांगितलं होतं आणि तो सल्ला चवीच्या दृष्टीनेही बरोबरच आहे. यात पॅन वाईट आणि टोस्टर चांगला असं काही नाही, दोन्हीकडे करपवलं की तेच. पॅनमध्ये रंग डोळ्यांसमोर असतो एवढा एक फायदा, आणि काळं झालंच तर सुरीने खरवडून टाका.

काढल्यावर ब्रेड सपाट ताटलीत ठेवू नका. एवढं सगळं निगुतीने करून शेवटी इथे माती खातात लोक. गरम ब्रेडमधून वाफ निघत असते, ताटली गार, वाफेचं पाणी होतं आणि तुमची कुरकुरीत बाजू त्या पाण्यात बसते, दोन मिनिटांत वातड. जाळीवर ठेवा, जाळी नसेल तर दोन स्लाइस एकमेकांना टेकवून उभे करा. झाकून तर मुळीच ठेवू नका. याच कारणाने डब्यात द्यायला हा प्रकार नापास आहे, कितीही गार करून भरा, दुपारपर्यंत रबर होतो. डब्यासाठी टोस्टरचा कोरडा टोस्ट निदान कोरडा तरी राहतो.

वर काही ओलं घालायचं असेल, अर्धकच्चं अंडं, टोमॅटो, मशरूम, तर तळलेली बाजू वर ठेवा. त्या बाजूच्या थरात फॅट असल्याने पाणी लगेच आत शिरत नाही, साधा टोस्ट जिथे मिनिटभरात गळून पडतो तिथे हा खाऊन होईपर्यंत तग धरतो. चीज घालायचं असेल तर ब्रेड उलटवल्या उलटवल्या तळलेल्या बाजूवर ठेवा आणि अर्धं मिनिट झाकण, बटरचा थर आणि चीज यांच्यामध्ये काही येऊ देऊ नका. जॅमला मीठ असलेलं बटर.

दुसऱ्या खेपेचं सांगायचं राहिलं. पहिले स्लाइस काढेपर्यंत पॅन अजून तापलेला असतो आणि त्यात पहिल्या खेपेचे काळे कण आणि ब्रेडचा चुरा पडलेला असतो. त्यावर नवीन बटर टाकलं की ते लगेच काळवंडतं आणि कडू होतं. गॅस कमी करा, पॅन जाड कपड्याने किंवा कागदाने पुसून घ्या (चिमट्यात धरून, हाताने नको), मग पुढचं. चारपेक्षा जास्त स्लाइस असतील तर हे दर वेळी करावं लागतं, आणि जे स्वतः गॅसपाशी उभे असतात त्यांना गरम खायला मिळत नाही ते नाहीच. माझ्या लेखी पॅनचा सगळ्यात मोठा दोष हाच, वासाचा आणि धुण्याचा नाही. धुणं तर किरकोळ आहे, बीड नुसतं पुसून ठेवायचं, साबणाची गरजही पडत नाही बहुतेक वेळा, टोस्टरचा तळाचा ट्रे काढून चुरा झटकणं तरी कोण नेमाने करतं, आणि तो साठलेला चुराच मग एक दिवस धूर काढतो.

यासाठी नवा पॅन घ्यावा का असं कोणी विचारलं तर, घरात जाड बुडाचं काहीही असेल तर नाही. बटर ब्रेडला लावा, आच कमी ठेवा, आहे त्यात होतं. फक्त पातळ स्टील असेल आणि तुम्ही आठवड्यातून तीनचार वेळा ब्रेड खाणारे असाल तर मध्यम आकाराचा, दोन मोठे स्लाइस शेजारी शेजारी मावतील असा बिडाचा पॅन घ्या, बुटक्या कडांचा, आतून सपाट. दुकानात बोटं फिरवून बघा, आतला भाग फार खरखरीत असेल तर ब्रेडचे कण अडकत राहतात. पट्टी आडवी ठेवून मध्ये फुगवटा नाही ना तेही बघा, फुगवटा असेल तर बटर कडेला पळतं आणि ब्रेडच्या मध्ये तो पांढरा गोल कायमचा. आणि टोस्टर चालू असेल तर टाकून देऊ नका, फ्रीझरमधल्या ब्रेडसाठी लागणार आहे.